वर पाहनारी गिरजाअक्का

कोनाच्याही घरी गेली तं मी बसायच्या आधी वर पाह्यते. सून म्हनते, आई, असं पाहत जाऊ नका, लोकाले वाटते जाळे-जळमटं शोधून राहिल्या. मी तिले काय सांगू. ही सवय माझी नाही, गिरजाअक्काची हाये. ती गेली आन सवय माझ्यापाशी राहून गेली.

अक्का मले जिनिंगमधी भेटली. पाचोऱ्याले आम्ही बाया कापूस निवडायले बसू. नाकात, डोळ्यात, भाकरीत, सारीकडं रुई. अक्का पिंपळनेरकडली, तिची बोली पक्की अहिरानी. मी पहूरची. माझं बोलनं ऐकून ती हसे, तिचं ऐकून मी हसू. तव्हा ती वर-बिर काही पाहत नव्हती. नुसती बोले. हात चाले तसं तोंड चाले. मुकादम म्हने, गिरजाबाई, कापूस निवडून राहिली का गोष्टी? तं म्हने, "दोन्ही निवडस, तुले काय पाहिजे ते ली जा."

तिचा मालक म्हन्जे नाना हमाली करत. त्यांनी गावाबाहेर प्लॉट घेतला, बाजूचा आम्ही घेतला. तिथं आधी कपाशीचं वावर व्हतं. कपाशीचं वावर म्हन्जे काळी माती. ती काय करते ते खेड्यातल्या मानसाले सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात हात जाईन इतकी तडकते, पावसात फुगते. वावरात ते चालते, घराखाली नाही चालत. नानांनी पाया खोदला तं खाली मुरूम लागेना. खोदता खोदता थकले आन काळ्या मातीतच थांबले, त्याच्यावरच स्लॅबचं घर बांधलं. आमची तं स्लॅबची ऐपत नव्हती, आम्ही इटांवर पत्रे टाकले. पत्र्याले भेग पडत नाही, भोक पडते. भोकाखाली पातेलं ठेवता येते.

घर झालं आन थोड्याच दिवसांत नाना छातीत कळ येऊन गेले. मागं अक्का आन एकच पोरगी, सुमन. पुढं अक्कासमोर कोनी म्हटलं का नानांनी पाया कच्चा काढला, तं ती हातातला चहा तसाच ठेवून उठून जाये. घराले ती रोज शिव्या दे, पन नानांचं नाव त्याच्यात येऊ दे नाही.

पहिली भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली. अक्कानं मले हाक मारली, "वच्छे, जराखं इकडे ये बरं." मी गेली. केसासारखी बारीक रेघ, तिरपी, वर छताकडं चाललेली. अक्का तिच्यावर नख फिरवून राहिली व्हती.

"काल नव्हती," मी म्हटलं.

"कालदिन बी व्हती. मीच देखं नही."

तिच्या गावात मातीची घरं, माथ्यावर मातीचं धाबं. दरसाल आखाजीच्या आधी बाया पांढरी माती कालवत, भुसा टाकत, भेगा बुजवून सारं घर लिपून काढत. आखाजीले, म्हन्जे अक्षय तृतीयेले, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. लिंबाले झोके बांधतात, गानी म्हनतात. पोरगी उंबऱ्यात पाय ठेवीन तं घर लिपलेलं पाहिजे, हे अक्काच्या हाडात बसलेलं. मातीचं घर ते ऐके बी. ओलं फडकं फिरवलं तरी भेग मिटे. अक्काले वाटलं, सिमेंटचं घर मातीच्या घराची बहीन असीन, तेही ऐकीन.

सुमनचं लग्न झालं, धुळ्याले दिली. तिले पोरगी झाली आन त्या आखाजीले ती लेकरू घेऊन आली. अक्कानं मिस्तरी लावून भेगा भरल्या, चुना मारला. मधल्या खोलीत झोळी बांधली. आम्ही बाया बाहेर लिंबाखाली, सुमन झोक्यावर. आन घरातून आवाज आला, पोतं टाकल्यासारखा. आम्ही धावलो. छताचा पोपडा पडला व्हता. परातीएवढा. झोळीच्या शेजारी पडला, झोळीत नाही. लेकराले काही झालं नाही. पन तोंड सारं पांढरं झालं व्हतं, डोळे मिटलेले, आन रडून नव्हतं राह्यलं. सुमननं उचललं, उलटं धरून पाठीवर थापटलं, तव्हा ते खोकललं आन रडलं. अक्का दारातच उभी. ती पुढं गेलीच नाही. वर पाहत राह्यली. तव्हापासून ती वर पाहे.

जावई दुसऱ्या दिवशी आला. त्यानं आवाज चढवला नाही. पोपड्याचे तुकडे कोपऱ्यात लोटलेले व्हते, त्यातला एक उचलून हातात तोलून पाह्यला आन परत ठेवला. म्हने, "मामी, सुमनले कधीही पाठवीन. लेकराले या छताखाली नाही."

आता लेकराले सोडून आई येते का? नाही आली. पुढच्या आखाजीले नाही, त्याच्या पुढच्याले नाही.

तुम्ही म्हनसान, मग अक्कानं धुळ्याले जावं. जाये ना. पन ती जुन्या वळनाची. पोरीच्या घरचं पानी पिऊ नये, हे तिच्या आईनं सांगतलेलं. एसटीनं जाये, भाकर आन पान्याची बाटली पिशवीत. नातीले मांडीवर घे, दोन घास आपल्याच फडक्यातले खाये, दिवस कलायच्या आत परत. सुमन रडे, "माय, एक कप चहा तरी घे." अक्का म्हने, "तू मना घर ये, मंग दोन कप पिसू." तिची सारी वाट त्या आखाजीची व्हती. लेक आन नात तिच्या छताखाली निजाव्या, इतकंच तिले पाहिजे व्हतं.

आन घर काही ऐकेना.

आमच्याकडं युसूफमिस्तरी म्हनून व्हता. मानूस चांगला, पन लोनी लावून बोलनारा नाही. त्यानं तिले पहिल्याच साली सांगतलं, "अक्का, उन्हाळेमें मत भरो. अभी जमीन सुकेल है, दरार पूरी खुली है. बारिशमें जमीन फुलेगी, भिंत दबेगी, तुमारा माल बाहेर फेकेगी. दिवाळीके बाद बुलाव."

अक्का म्हने, "दिवाईले कोन येस मना घर? पोर आखाजीले येई."

"अरे पन टिकेगा नहीं ना."

"आखाजीलोंग टिकनं तरी बस."

मिस्तरी माझ्याकडं पाहे, मी मिस्तरीकडं. मग तो पाटी उचले. त्यालेही घर चालवायचं व्हतं. चैत्रात भेगा खनून भरल्या जात, वरून रंग. वैशाखात घर नव्या नवरीवानी दिसे. मिरगाचा पाऊस पडला का भरलेलं ओठासारखं बाहेर निघे, आन पोळ्यापर्यंत खाली पडे. पुन्हा उन्हाळ्यात तीच भेग, तिच्या शेजारी अजून एक पिल्लू. अक्का म्हने, "हाई घर निजत नही वं, वच्छे. कूस बदलत ऱ्हास."

ती बी निजत नव्हती. कधीही जा, हातात उलथनं. भाकरीचं उलथनं तेच, भिंतीचं तेच. भिंतीवर ठोके, कान लावे. टनटन वाजलं तं पुढं जाये, भदभद वाजलं तं तिथं कोळशानं फुली. घरभर फुल्या. नखात पांढरी पुट्टी, भाकर थापली तं भाकरीवर पांढरे ठसे. मी म्हनू, अक्का, पुट्टी खाऊन मरशीन. म्हने, "आतून बुजी जाई, बरं शे."

एकदा मिस्तरी गमतीनं बोलून गेला का भेग हालते का नाही ते पाहायचं तं तिच्यावर आडवी काच चिकटवावी, हालली तं काच तुटते. अक्का बाजारात गेली, कासारनीपाशी फुटक्या बांगड्या मागून आनल्या. हिरव्या, लाल, पदर भरून. दरेक भेगेवर एक-एक तुकडा पुट्टीनं आडवा बसवला. रोज सकाळी उठली का दातवन तोंडात धरून सारे तुकडे पाहत फिरे. दिवा लावायच्या आधी बांगड्या. तुटला का मले भिंतीपलीकडून हाक, "न्हानीमातली गयी." म्हन्जे न्हानीतली तुटली.

आता भिंतीत बांगड्या, कोळशाच्या फुल्या, एकटी बाई. गल्लीत बोलनं सुरू झालं का गिरजाअक्का करनी करते. पोरीले घरी आनायले जावयावर करून राहिली. समोरच्या सुनेनं तं आपल्या पोराले तिच्या ओट्यावर जाऊ देनं बंद केलं. मी रागानं अक्काले सांगतलं. मले वाटलं भांडीन. ती उलथनं पुसत म्हने, "करनी येती ते पहिले हाई भिंतवर करी नसती का?" मग उठली आन मुद्दाम त्या सुनेकडं गेली. सून घाबरून दारात उभी. अक्कानं तिच्या डोक्यावरून चौकटीच्या वर पाह्यलं आन म्हने, "तुन्हा दारवर बी शे वं एक. बांगडी दिऊ का?"

तिचं पाहनं कुठं थांबे नाही. लग्नात जाये तं मांडवाले सोडून कार्यालयाचं छत पाहे. मी डोळ्याच्या ऑपरेशनले गेली तव्हा ती संगं व्हती, डॉक्टर मले समजावून राह्यले आन ही भिंतीले बोटाची गाठ मारून राहिली. एकदा आमच्या संगं कामाले असलेली एक बाई वारली, आम्ही दुःखाले गेलो. साऱ्या बाया पदर डोळ्याले लावून बसलेल्या. मधीच टक-टक, टक-टक. अक्का मागं हात करून भिंत ठोकून राहिली. मी तिचा हात दाबला. रडनं ओसरलं तव्हा तिनं त्या बाईच्या सुनेले जवळ घेतलं. मले वाटलं दोन शब्द बोलीन. बोलली. म्हने, "माय, ती खाट तठून सरकाई ले. वरलं पोकय शे, पडी जाई." ती सून रडता रडता वर पाहाले लागली. खाट मात्र सरकवली त्यांनी, मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं.

एका साली अक्काले वाटलं, सिमेंट ऐकत नाही तं आपली मातीच बरी. मिस्तरीले न सांगता तिनं पांढरी माती, भुसा, शेन कालवलं. सारी मधली भिंत लिपली, जशी गावाकडं लिपत. हात असा फिरे का पाहत राहावं. वाळल्यावर वरून पातळ सिमेंट मारलं, दिसायले बरं म्हनून. आठवडाभर ती खूश. मग भर दुपारी सारं लिपन पापडासारखं भिंत सोडून पुढं आलं आन खाली बसलं. अक्का त्या ढिगाऱ्यापाशी बसून राह्यली. माती मुठीत घे आन सोडे. मी शेजारी बसली.  माझा मालकही त्याच साली गेला व्हता. आम्ही दोघी टोपल्यात माती भरून बाहेर नेऊन टाकली आन मग भाकरी केल्या.

मोबाईल आला तशी नात त्याच्यात दिसाले लागली. दात पडलेली, मग दात आलेली, मग दोन वेन्या घातलेली. म्हने, "आजी, तुझं घर दाखव ना." अक्का फोन घेऊन अंगनात जाये आन लिंब दाखवे. "हाऊ देख लिंब. हाई फांदीले तुना झोका बांधसू." पोरगी म्हने, "आत दाखव ना." अक्का म्हने, "आत अंधार शे."

दर चैत्रात जावई येऊन पाहून जाये. अक्काच बोलवे त्याले. ताजा रंग, नवी चादर, शेवया. तो चहा पिये, मान वर करे, सावकाश नजर फिरवे. एका साली रंग वाळून चारच दिवस झालेले, आन त्याच्यातून केसाएवढी रेघ आलेली. त्याले दिसली. अक्काले कळलं का त्याले दिसली.

तो म्हने, "मामी, तुमच्यावर राग नाही. माझा लहाना भाऊ भिंतीखाली गेला. आमच्या घरालेही त्या साली नवा रंग दिला व्हता. रंग पाह्यला का माझी छाती होत नाही."

हे त्यानं पहिल्यांदाच सांगतलं. अक्कानं त्याच्या पुढची बशी उचलली, धुतली, पुसली, परत धुतली. तो गेल्यावर म्हने, "इतला साल मी त्याले रंगच दखाडत ऱ्हायनू."

त्याच्या पुढच्या साली चैत्र आला तं मिस्तरीले बोलावनं गेलं नाही. मले नवल वाटलं. मग एका दुपारी धाडधाड आवाज. मी पळत गेली, म्हटलं स्लॅब आला खाली. पाह्यते तं खाटेवर स्टूल, स्टुलावर अक्का, डोक्याले फडकं, हातात हातोडी. छताचं प्लास्टर पाडून राहिली. चांगलं, वाईट, सारं. अंगावर पांढरं, पापन्यांवर पांढरं, नुसते डोळे काळे.

"अक्का, येडी झाली का? खाली उतर."

"स्टूल धर."

"अवं चांगलं कायले पाडते?"

"चांगलं कोनतं शे ते माले काय समजस? जे पडाव व्हतं ते मीच पाडी टाकस. मंग पडाले काय ऱ्हाई?"

मी स्टूल धरला. दुसरं काय करू. तिचं वय काय, माझं वय काय. ती पाडे, मी टोपलं भरू. तिचा हात दुखला का मी चढू, ती धरे. माझ्या डोळ्यात खडे जात. खोकून खोकून रात्रीचं पोट दुखे. दोन खोल्यांचं छत आम्ही दोघींनी काढलं. प्लास्टरच्या आतले लोखंडी गज कुठं उघडे दिसतात का, ते ती बोटानं चाचपून पाहे.

मग युसूफमिस्तरी आला, आधी आम्हा दोघींवर खेकसला. "मरना था तो मेरेको बोलते." मग लाकडी घोडीवर चढून सारा स्लॅब ठोकून पाह्यला. म्हने, स्लॅब घट्ट हाये, फक्त कोपऱ्यात पानी मुरून गज गंजले. वर गच्चीत पानी साचे, ते तिथून उतरे. तेवढा कोपरा त्यानं घासला, भरला, गच्चीचा उतार नीट केला. अक्कानं त्याले विचारलं, भिंतीचं काय? तो म्हने, "भिंत हालती रहेगी. गिरती नहीं. अब तुम दिवाळीतक हात मत लगाव." ह्या वेळी ती हो म्हने. त्यानं दोनदा विचारलं, खरंच हो का.

छत मग कसं दिसे सांगू? उघडं. ओतताना लावलेल्या फळ्यांचे वळ तसेच, जसे खाटेच्या सुतळीचे पाठीवर उमटतात. भिंतीवर भेगा उघड्या, बांगड्यांचे तुकडे तसेच. चुना नाही, रंग नाही. अक्कानं जावयाले फोन केला, "बापू, यी जा. औंदा रंग देल नही."

तो आला. खाली नुसती सतरंजी. त्यानं वर पाह्यलं आन बसलाच नाही. कोपऱ्यातली अक्काची काठी घेतली आन एका भिंतीपासून सुरू झाला. ठोके, ऐके, एक पाऊल पुढं. पुन्हा ठोके. आम्ही दोघी दारात. सारं छत त्यानं त्या कोपऱ्यापासून ह्या कोपऱ्यापर्यंत वाजवलं, कुठं काही सोडलं नाही. अक्काचे ओठ हालत, देवाचं नाव घे का टनटन मोजे, कोन जाने. वरून धूळ पडली थोडी, त्याच्या केसांवर. बाकी काही पडलं नाही. काठी जागेवर ठेवून तो म्हने, "चहा टाका मामी."

चहा पिऊन झाल्यावर, चपला घालताना, मागं न पाहता म्हने, "आखाजीले दोघींना सोडून जातो."

त्या आखाजीची सारी गंमत सांगत बसत नाही. झोका बांधला, घागर भरली, खापरावर पुरनपोळ्या केल्या. नात आता उंच झालेली, झोका लिंबाच्या शेंड्याले लावे. करनी म्हननारी समोरची सून बी आली, तिचं पोरगं झोक्याच्या रांगेत. भिंतीतल्या बांगड्या पाहून नात म्हने, आजी, किती छान डिझाईन. अक्का इतकी हसली का तिले खोकला लागला.

त्याच हप्त्यात माझा लेक मले जळगावले घेऊन आला. गुडघे गेले व्हते माझे, एकटं राहवेना. मी म्हटलं, दिवाळीले येते, मिस्तरी भिंती भरीन तव्हा स्टूल कोन धरीन. पावसाळ्यातच फोन आला का अक्का गेली. ओट्यावर बसल्या बसल्या. त्या भिंतींचं पुढं काय झालं मले माहीत नाही, मी काही तिकडं गेली नाही.

म्हनून माझ्यापाशी तिचं शेवटचं पाहनं ते आखाजीच्या दुसऱ्या दिवसाचंच हाये. दुपारची वेळ. ऊन असं का अंगनात पाय ठेववत नव्हता. मी वाटीत आमरस घेऊन गेली, दार लोटलेलं. आत सुमन आन तिची पोरगी सतरंजीवर निजलेल्या. पोरीचा पाय आईच्या पोटावर, तोंड उघडं, घामानं केस कपाळाले चिकटलेले. इतकी गरमी आन पंखा बंद.

अक्का त्यांच्या उशाशी पत्र्याच्या डब्यावर बसलेली. मांडीवर काठी. एका हातानं पदराचा वारा घालून राहिली व्हती, आन नजर वर.

मी हळूच म्हटलं, "अक्का, लाईट गेली का?"

तिनं मान हालवली. "शे. पंखानी धडधड छतले लागस."

"आता काय राह्यलं पडायले? तू बी टेक ना जराशी."

तिनं वरची नजर काढली नाही. पदराचा हातही थांबला नाही. डोळ्याखाली छताच्या धुळीची एक रेघ राहून गेली व्हती, घामानं ओली झालेली.

"निजू दे त्यास्ले," ती म्हने. "मी देखस."